पाचशे बारा

गोळीबार चौकातून आत, तिसरी गल्ली,
यादोराव निनाव्यांची माडी.
मे महिना. कूलरच्या वाळ्याला पाणी पुरत नाही.
मी बसलेय एका खिडकीच्या आत
दुसरी खिडकी हलायची वाट बघत.

बाहेरचा संगणक नवा, हप्त्यांवर घेतलेला.
आतला अठ्ठ्याण्णव सालचा.
त्याचं खरं शरीर मागच्या उन्हाळ्यात गेलं,
फट्‌ आवाज, जळक्या वार्निशचा वास,
भंगारवाल्याने किलोवर नेलं.
डिस्क तेवढी वाचली. ती मी
जशीच्या तशी या पेटीत उतरवली
आणि त्याला कोणी सांगितलंच नाही.
तो अजून उठल्या उठल्या फ्लॉपी चाचपतो,
नसलेल्या प्रिंटरला हाक मारतो.

त्याच्या पोटात काठांचे नकाशे आहेत,
कुठल्या पत्त्याला कुठे भोक, कुठला धागा वर.
ज्या पोराने तो प्रोग्राम लिहिला, तो
इतवारीतला क्लास बंद करून गेला.
कुठे, ते कोणाला ठाऊक नाही.
करवती काठ उघडला
की सातव्या घराशी सगळं थिजतं.
बाणाचं वाळूचं घड्याळ होतं
आणि वाळू पडत नाही.

"काऊन जी, झोपली का मशीन?"
"झोपली नाही काका. अटकली."
"म्हणजे जागीच हाये ना."

जागीच होती. पंखा कोकलत होता.
जुन्याला रिकामं बसणं कोणी शिकवलंच नव्हतं,
काम नसलं तरी धोटा मारत राहतो,
सुताशिवाय.

आवाजाचं कार्ड काढून घेतलं. थिजलं.
रंग सोळावर आणले. थिजलं.
दोनदा लाइट गेली. एकदा मीच गेले,
कोपऱ्यावर उसाचा रस पिऊन आले.
आले तर तेच सातवं घर.

मग मला दया आली.
सोळा जीबीची धनीण मी, त्याला दिलेली एक.
म्हटलं घे, दोन घे, पोटभर आठव.
तर तो उभाच राहिला नाही.
काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत म्हणाला,
मेमरी अपुरी आहे.

मी ते तीनदा वाचलं.
दुप्पट दिली तर अपुरी!
उमगलं तेव्हा मान आखडली होती.
त्याच्या काळी एवढं आठवायला
कोणाकडे नव्हतंच काही.
एवढी मोठी कोठी हाती दिली की तो
आधी तिची यादी करायला बसतो
आणि यादी लिहायलाच जागा उरत नाही.

कमी करत आणलं. एक. पाऊण.
"पाचशे बारा," मी स्वतःशीच पुटपुटले,
"पाचशे बारा, बस्स."

सहावं घर. सातवं.
आठवं.
करवतीचे दात एकामागे एक उगवत गेले,
पिवळ्यावर लाल, जरा भडकच.
काका चष्मा कपाळावर ढकलून जवळ आले,
काचेवर बोट ठेवून मोजू लागले.
"सातव्यात एक दात जास्त हाये."
"काढू का?"
"राहू दे. वीस वर्षं तसाच गेला भंडाऱ्यापर्यंत,
एकीनंही लुगडं परत नाही आणलं."

निघताना एक चिमुकला प्रोग्राम आत ठेवला,
काम नसेल तेव्हा गप बसायला सांगणारा.
पंखा उतरत गेला,
खालच्या मागाची खटखट वर यायला लागली.

माझे होतात आठशे.
सांगायच्या आत काकांनी
बंडीच्या खिशातून पाचशेची नोट काढली,
मग दहाची, मग बराच वेळ
तंबाखूची डबी बाजूला सारून शोधलेलं
दोनाचं नाणं.
"बरोबर हाये ना जी?
तूच तर म्हटलं, बस्स."